भंगाराची निवड

सकाळचे साडेनऊ वाजलेत. सांगली फाट्यापासून थोडं आत, पत्र्याचं कुंपण घातलेल्या भंगाराच्या अड्ड्यात एक टेम्पो मागे मागे येतो आहे. "येऊ दे, येऊ दे… बास!" म्हणत एक पोरगा फाळक्यावर थाप मारतो. फाळका पडतो आणि त्याच्यामागोमाग सगळा माल खाली घसरतो. गंजलेले पाइप, स्कूटरचं मडगार्ड, कूलरची जाळी, फुटका कुकर, गुऱ्हाळाच्या चरकाचं अर्धं तुटलेलं दातेरी चक्र, पंख्याची पाती, पाण्याच्या दोन मोटारी, रंगाचे रिकामे डबे. धूळ बसेपर्यंत कुणीच काही बोलत नाही.

मे महिना आहे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपून दुरुस्तीची कामं चालू आहेत, त्यामुळे कोल्हापुरातल्या अशा अड्ड्यांवर सध्या मालाची रीघ आहे. मागच्या कोपऱ्यात बॉयलरच्या नळ्यांची थप्पी लागली आहे. तिच्या पलीकडे गॅस कटरची निळी ज्योत फुसफुसते आहे आणि गॉगल लावलेले एक चाचा जाड चॅनलचे हाता-दीड हाताचे तुकडे पाडताहेत. भट्टीच्या तोंडात मावेल एवढंच लोखंड भट्टीवाला घेतो. लांबच्या लांब माल गाडीतही नीट बसत नाही आणि भट्टीतही नाही.

टेम्पोतून पडलेल्या ढिगाजवळ मावशी येऊन बसतात. पन्नाशीच्या असतील. कमरेला खोचलेला पदर, डोक्याला रुमाल, हातात दोरीला बांधलेलं गोल काळं चुंबक. हे चुंबक फुटक्या लाउडस्पीकरमधून निघालेलं आहे, म्हणजे तेही भंगारातलंच. शेजारी एक हातोडी, एक कानस आणि भाजी चिरायची जुनी सुरी. सूपभर तांदूळ निवडायला घ्यावेत तसा त्यांनी तो ढीग पुढ्यात ओढला आहे.

"चिकटलं की लोखंड," मावशी सांगतात. "न्हाई चिकटलं की मग डोकं चालवायचं."

पण चिकटलेल्यातही त्या तीन वाटे करताहेत. चरकाच्या चक्रावर हातोडीचा ठोका पडतो. आवाज बसका येतो. दुसऱ्या ठोक्याला दात तुटतो आणि आतली करडी, रवाळ कड दिसते. "हे बीड. बीड वाजत न्हाई, फुटतंय. लोखंड वाजतंय आन् वाकतंय." बिडात कार्बन तीन टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो. त्या पापुद्र्यांमुळे बीड ठिसूळ होतं आणि त्यांच्यामुळेच ते यंत्राची थरथर गिळतं. हे चक्र इथून जवळच्याच फौंड्रीत जाईल आणि पुन्हा बीडच होईल. पंपाचं आवरण होईल, ट्रॅक्टरचा एखादा भाग होईल. ऑइल इंजिनांचे जुने ब्लॉक, जात्यांच्या पुली, सांडपाण्याचे जुने काळे नळ, सगळं त्याच ढिगात पडतं.

दुसऱ्या वाट्यात मऊ लोखंड. अँगल, चॅनल, सळया, जाड पाइप. हा माल ट्रक भरला की जालन्याला जातो. तिथल्या भट्ट्यांत वितळतो, त्याचे बिलेट पडतात, आणि रोलिंग मिलमधून बांधकामाची सळई होऊन बाहेर येतो. जागतिक पोलाद संघटनेचा हिशेब असा आहे की एक टन भंगार पोलादासाठी वापरलं की सुमारे 1.4 टन लोहखनिज आणि 740 किलो कोळसा वाचतो. चाचांच्या पायाशी पडलेल्या तुकड्यांकडे मी हा आकडा मनात धरून बघतो. खाणीत न पडलेला तेवढा खड्डा इथे समोर पडला आहे.

तिसरा वाटा पत्र्याचा. छपराचे जुने पत्रे, डबे, कूलरची अंगं. पत्र्याला भाव कमी, आणि त्याला कारण आहे. गंज हे लोखंड उरलेलं नसतं, त्यामुळे पातळ पत्रा गंजला की वजन काट्यावर दिसतं आणि भट्टीत गेल्यावर राखेसारखं वर तरंगतं. शिवाय छपराच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त 907 अंशांनाच उकळतं आणि लोखंड वितळतं 1538 अंशांना. मधल्या वाटेवर पांढरा धूर निघतो. हा धूर छातीत गेलेल्या कामगाराला संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. चाचा मुलाम्याचा पत्रा कापायला लागले की वाऱ्याकडे पाठ करून उभे राहतात. तोंडावर फक्त एक सुती रुमाल आहे.

चुंबकानं सोडून दिलेला माल आता मावशींच्या उजव्या हाताला जमतो आहे. खरी पारख इथे लागते.

एक पातेलं. चुंबक तळाला लागत नाही, काठाला मात्र किंचित ओढतं. मावशी ते बिनदिक्कत स्टीलच्या पोत्यात टाकतात. चांगल्या स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं आणि त्याला चुंबक लागत नाही. पण भांड्याचा काठ दाबून वळवताना धातूची ठेवण बदलते आणि तेवढ्या जागी थोडी ओढ येते. निकेल महाग, म्हणून निकेलवालं 'तीनशे चार' एका पोत्यात आणि मँगनीज घालून केलेलं हलकं 'दोनशे दोन' दुसऱ्या पोत्यात. डोळ्यांना दोन्ही सारखंच लखलखीत दिसतं. लोखंडाच्या मालात शंका आली की पोरगा तुकडा ग्राइंडरला लावतो आणि मावशी ठिणग्या बघतात. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात. कडक पोलादाच्या पुढे जाऊन फुलतात. बिडाच्या आखूड आणि तांबूस पडतात. हे शिक्षण कुठल्या वर्गात झालेलं नाही. पंचवीसेक वर्षं ठिणग्या बघून झालं आहे.

फुटका कुकर हातात आला. मावशी आधी त्याचे कान काढतात, मग स्क्रू, मग रबर. लोखंडी स्क्रू एकसुद्धा राहू देत नाहीत. "जर्मनमधी लोखंड गेलं की भाव पाडत्यात." व्यापारी भाव पाडतो ते उगीच नाही. हे 'जर्मन' म्हणजे ॲल्युमिनियम. ते 660 अंशांना वितळतं आणि त्यात लोखंड विरघळलं की ते परत काढता येत नाही. ओतलेला माल ठिसूळ होतो. स्वच्छ ॲल्युमिनियम मात्र कितीही वेळा वितळवा, ते ॲल्युमिनियमच राहतं, आणि खनिजापासून नवं काढायला जेवढी ऊर्जा लागते तिच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जेत काम होतं. भंगारात एवढी मोठी बचत क्वचितच कुठल्या धातूची असेल. म्हणून खिडक्यांचं सेक्शन वेगळं, भांडी वेगळी, इंजिनाचे पिस्टन आणि ओतीव भाग वेगळे, कारण ओतीव मालात सिलिकॉन जास्त असतं. चिप्सच्या पाकिटांची चमकदार पाकोळी मात्र मावशी बाजूला उडवतात. तिच्यात ॲल्युमिनियमपेक्षा प्लास्टिक जास्त, आणि दोन्ही एकमेकांना असे चिकटलेले की इथे कुणी ते सोडवू शकत नाही.

दोन मोटारींवर सगळ्यांची नजर आहे. बॉडी बिडाची, शाफ्ट पोलादाचा, आणि आत तांब्याचं वाइंडिंग. पोरगा छिन्नीनं तारांचा गुच्छ कापून बाहेर ओढतो. मावशी सुरीनं एका तारेवर ओरखडा काढतात. पहिल्या मोटारीची तार आतूनही लाल निघते. दुसरीची वरून तांबूस, आत पांढरी. लाखेचा रंग तांब्याचा आणि तार ॲल्युमिनियमची. पोरग्याचा चेहरा उतरतो. तांब्याचा भाव लोखंडाच्या वीस पटींच्याही वर असतो, त्यामुळे एका ओरखड्यावर बराच हिशेब फिरतो.

तेवढ्यात मोटारसायकलवरून एक तरुण येतो. मागे पोतं, पोत्यात काळी केबल. काट्याजवळ बसलेले आण्णा, या अड्ड्याचे मालक, उठून उभे राहतात.

"कुठली रं ही?"

"घरची हाय की, आण्णा."

"घरात एवढी जाड केबल कशाला लागत्याय? आधार दाखीव, मोटार कुणाची ते सांग."

तरुण पोतं तसंच बांधून निघून जातो. पंचगंगेच्या काठावर शेतकऱ्यांच्या मोटारींच्या केबली रात्रीत कापून नेतात. पिकाला पाणी द्यायच्या दिवशी शेतकरी नदीवर जातो तर मोटार आहे आणि तार नाही. ती केबल घेणारा कुणीतरी असतो, म्हणूनच ती कापली जाते. आण्णांनी आज हातातला नफा सोडला, आणि मला त्यांचं हे वागणं या अड्ड्यावरच्या कुठल्याही धातूपेक्षा मोलाचं वाटतं.

अड्ड्यावर हक्काची जी केबल येते ती एका छोट्या यंत्रात घालून सोलतात. वरचं प्लास्टिक उभं चिरून वेगळं होतं, आत तांबं कोरं मिळतं. पण कुंपणाच्या पलीकडे, ओढ्याच्या काठाला, काळ्या धुराची एक रेघ वर चढताना दिसते आहे. कुणीतरी तारा जाळून तांबं काढतो आहे. जळक्या तांब्याला भावही कमी मिळतो. त्या प्लास्टिकच्या धुरात डायॉक्सिनसारखी विषं असतात आणि धूर ओढ्याकाठच्या झोपड्यांवरून जातो. सोलायच्या यंत्राला फार पैसे पडत नाहीत. दोन-चार अड्ड्यांनी मिळून एक घेतलं तरी ही जाळपोळ थांबेल.

पितळेचा ढीग लहान आहे पण देखणा आहे. नळाच्या तोट्या, जुन्या समया, कारखान्यातल्या गनमेटलच्या बुश. चकचकीत मुलाम्याच्या तोटीवर मावशी कानस फिरवतात. पिवळं दिसलं तर पितळ. करडं दिसलं आणि तोटी हाताला हलकी लागली तर जस्ताची, तिचा वाटा वेगळा. इथलं पितळ व्यापाऱ्यांच्या हातून फिरत पार जामनगरपर्यंत जातं आणि तिथे त्याच्या पुन्हा तोट्या आणि फिटिंगा होतात. एका डब्यात उद्यमनगरातल्या लेथवरच्या झिजलेल्या कार्बाइडच्या टिपा आहेत. नखाएवढ्या, पण डबा उचलला तर हात खाली जातो. हा डबा आण्णा गल्ल्याशेजारी ठेवतात.

साडेअकराच्या सुमाराला एक लोहार येतात. ते कुणाला काही विचारत नाहीत, सरळ ट्रकच्या कमानींच्या ढिगाकडे जातात. एकेक पाटा उचलून कडेला चीर आहे का बघतात, दगडावर आपटून आवाज ऐकतात. कमानीचं पोलाद जास्त कार्बनचं, पाणी धरणारं. तापवून, ठोकून, पाणी दिलं की धार टिकते. या पाट्यांचे ऊसतोडीचे कोयते होतील, कुऱ्हाडी होतील. त्यांच्यामागून एक शेतकरी जनावरांच्या गोठ्यासाठी दोन चॅनल आणि पाइप निवडून नेतो. आण्णा या मालाला भट्टीच्या मालापेक्षा जास्त भाव लावतात, तरी नव्यापेक्षा तो निम्म्यानं स्वस्त पडतो. आपण रीसायकलिंग म्हणताना डोळ्यांसमोर भट्टी आणतो. पण जी वस्तू वितळवावीच लागत नाही ती सगळ्यात चांगली वाचली, असं मला हे दोघं गेल्यावर वाटत राहतं.

भाकरीची सुट्टी होते. सावलीला बसल्यावर आण्णा जुनं काहीबाही सांगतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंड मिळेनासं झालं तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा किर्लोस्करांना नांगर ओतायला दिल्या, ही हकिगत इकडच्या माणसांना तोंडपाठ आहे. आण्णा ती सांगताना पन्हाळ्याच्या दिशेनं हात करतात. "तोफंचा नांगर झाला. मग चरकाचा पंप व्हायला काय हरकत हाय?"

जेवण उरकून मावशी पुन्हा ढिगाशी बसतात आणि लगेच थांबतात. रंगाच्या डब्यांखाली एक बंद नळकांडं आहे. मोटारसायकलचा शॉकॲब्सॉर्बर. दोन्ही तोंडं बंद, आत तेल. त्या तो उचलून वेगळ्या पिंपात टाकतात. सेंटचे डबे, फ्रिजचे कॉम्प्रेसर, छोटे सिलिंडर, सगळं याच पिंपात. यांना भोक पाडून रिकामं केल्याशिवाय पुढे पाठवत नाहीत. बंद पोकळी भट्टीत पडली की आतला वायू फुगून ती बॉम्बसारखी फुटते.

एक इन्व्हर्टरची बॅटरीसुद्धा आली आहे. आण्णा ती उघडू देत नाहीत. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं. ते पुन्हा पुन्हा वापरता येतं आणि 327 अंशांनाच वितळतं. याच सोपेपणामुळे लोक परसात चुलीवर ते वितळवतात. आम्ल ओढ्यात, धूर घरात, आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूत. 2022 च्या नियमांप्रमाणे बॅटऱ्या नोंदणी असलेल्या कारखान्यातच मोडायच्या आहेत. आण्णांची बॅटरी लाकडी फळीवर उभी ठेवली आहे, गाडी येईपर्यंत तिथेच राहणार.

"आन् वळखू न येणारं जड काय आलं, तर हात लावायचा न्हाई," आण्णा पोरग्याला माझ्यासमोर पुन्हा बजावतात. या वाक्यामागे दिल्लीचा मायापुरी बाजार आहे. 2010 साली एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र तिथल्या भंगारात आलं, त्यात कोबाल्ट-60 होतं. ते मोडणाऱ्या कामगारांना किरणोत्सर्गाची बाधा झाली, एकजण दगावला. त्या लोकांना आपण काय कापतो आहोत ते कुणी सांगितलेलंच नव्हतं.

दुपारी बिडाच्या गाडीबरोबर मी शिरोलीच्या एका फौंड्रीत येतो. इंडक्शन भट्टीचं तोंड पांढरं-पिवळं झालं आहे. वरून पत्र्याचे दाबलेले गठ्ठे, पिग आयर्न, मागच्या ओतणीचे उरलेले रनर आणि आपलं बीड, असा माल क्रमानं जातो. टाकण्याआधी तो कोरडा आहे का हे एकजण हातानं चाचपतो. वितळलेल्या धातूखाली पाणी गेलं की त्याची वाफ सोळाशे-सतराशे पटीनं फुगते आणि धातू छतापर्यंत उडतो. पावसाळ्यात इथे भंगार शेडखाली ठेवतात ते याचसाठी.

टनाला सुमारे 600 युनिट वीज खाऊन धातू तयार होतो. चमच्यानं थोडा काढून नाण्याएवढा नमुना ओततात. तो गार करून, घासून प्रयोगशाळेतल्या स्पेक्ट्रोमीटरवर ठेवतात. एक ठिणगी उडते आणि पडद्यावर आकडे येतात. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, तांबं, शिसं. सुपरवायझर आधी शिशाच्या आकड्याकडे बघतात.

"कार्बन कमी निघाला तर घालता येतो, सिलिकॉन घालता येतं," ते म्हणतात. "तांबं थोडं असलं तरी बिडाला चालतं, कधी आम्हीच टाकतो, ताकद येते. सळईच्या पोलादात तेच तांबं वाढलं तर गरम रोलिंगला माल तडकतो, आणि भट्टीत ते काढता येत नाही. शिसं तर बिडात कणभर आलं तरी ग्रॅफाइट बिघडतं, कास्टिंग हातात तुटतं. मग सगळी भट्टी वाया."

आजचा आकडा ठीक आहे. लॅडल हलते, साच्यांच्या रांगेवरून धातूची धार फिरू लागते.

हे स्पेक्ट्रोमीटर लाखो रुपयांचं आहे. त्याच्या पडद्यावर शिसं दिसलं नाही, कारण सकाळी मावशींनी बीड ढिगातून निवडून वेगळं केलं होतं, रोजंदारीवर आणि उघड्या हातांनी. त्यांच्या तळहातावर जुन्या चिरांच्या रेघा मी बघितल्या आहेत. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते त्यांना आठवत नाही. निवडलेल्या मालाला फौंड्री जो जादा भाव देते, त्यातला वाटा निवडणाऱ्या हाताला मिळायला हवा, आणि हातमोजे, बूट, मास्क अड्ड्याच्या खर्चात धरले पाहिजेत. आण्णांना मी हे बोललो, त्यांनी मान डोलावली. पण हे एका आण्णांच्या मर्जीवर सोडण्यासारखं नाही.

तुमच्या घरून भंगार निघेल तेव्हा एवढं करा. लोखंड, स्टील, ॲल्युमिनियम आणि तांबं-पितळ वेगळ्या पिशव्यांत द्या. सेंटचा डबा किंवा छोटा सिलिंडर त्यात दडपू नका, ते वेगळं दाखवून द्या. ट्यूब, सीएफएल आणि थर्मामीटर भंगारात टाकूच नका, त्यांत पारा असू शकतो. आणि बॅटरी ज्या दुकानातून नवी घेता तिथेच जुनी परत द्या. जुन्या बॅटरीचे पैसे नव्या बिलातून वजा होतात.